खऱ्या हसण्याचा पुरावा : द्युशेन-डार्विन यांची छायाचित्रे आणि भरताचा हास्यविचार

१. प्रश्नाची मांडणी

छायाचित्रातील चेहऱ्यावरचे हसू खरे की ओढूनताणून आणलेले, हा प्रश्न वरकरणी निव्वळ निरीक्षणाचा वाटतो. नीट पाहिले की उत्तर सापडेल, असा विश्वास त्यामागे असतो. परंतु या एका प्रश्नात दोन स्वतंत्र प्रश्न मिसळलेले आहेत. हसू आपोआप उमटले की इच्छेने आणले, हा पहिला प्रश्न. त्या हसण्यामागे भाव आहे की नाही, हा दुसरा. दारी आलेल्या पाहुण्याला पाहून यजमान जाणूनबुजून हसतो, म्हणून ते स्वागत खोटे ठरत नाही. उलटपक्षी, गुदगुल्यांनी फुटलेले हसू पूर्णपणे अनैच्छिक असते, परंतु त्यावरून आनंदाचा निष्कर्ष काढता येत नाही. असे असूनही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ‘जे अनैच्छिक तेच खरे’ हे समीकरण हसण्याच्या वाचनात दृढ होत गेले. ते कसे घडले, त्यात छायाचित्र या माध्यमाचा वाटा कोणता, आणि नाट्यशास्त्रातील हास्यविचार व मराठीतील हसण्याविषयीची शब्दयोजना यांच्या शेजारी ठेवले असता त्या समीकरणाचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तौलनिक साहित्याभ्यासाशी या विषयाचा संबंध केवळ आनुषंगिक नाही. लायोनेल ट्रिलिंग यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिन्सिअ‍ॅरिटी अँड ऑथेंटिसिटी’ या ग्रंथात सच्चेपणा आणि अस्सलपणा या मूल्यांना इतिहास आहे हे दाखवून दिले. मराठी समीक्षेतही बा. सी. मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) मध्ये मांडलेली आत्मनिष्ठेची कल्पना या प्रश्नाभोवतीच फिरते. लेखकाने स्वतःच्या अनुभवाशी प्रामाणिक राहणे हे तिथे प्रयत्नाने साधावयाचे मूल्य आहे; ते आपोआप घडणारे नाही. तात्पर्य, कवितेबाबत जो वाद साहित्यसमीक्षेने दीर्घकाळ चालवला, तोच छायाचित्रातील चेहऱ्याबाबत शरीरशास्त्राच्या भाषेत चालला. या दोन वादांची गाठ घालून देणे अगत्याचे आहे.

२. द्युशेनची संहिता

फ्रेंच वैद्य ग्योम द्युशेन (१८०६–१८७५) यांनी १८५० च्या दशकात पॅरिसमध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवर विजेचे प्रयोग केले. त्वचेवर विद्युतशलाका टेकवून ते एकेक स्नायू स्वतंत्रपणे आकुंचित करीत आणि त्यातून निर्माण होणारी मुद्रा छायाचित्रात पकडीत. प्रसिद्ध छायाचित्रकार नादार यांचे धाकटे बंधू आद्रियँ तूर्नाशाँ यांचे साहाय्य त्यांना काही काळ लाभले. या प्रयोगांचा ग्रंथ १८६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील बहुसंख्य छायाचित्रे एका दात पडलेल्या वृद्धाची आहेत. त्याच्या चेहऱ्याची संवेदना जवळजवळ नष्ट झालेली होती, त्यामुळे विजेचा त्रास त्याला फारसा जाणवत नसे. प्रयोगाच्या दृष्टीने ही सोय होती. अर्थाच्या दृष्टीने पाहता, ज्या चेहऱ्याला स्वतःवर काय घडते आहे हे पुरतेसे कळत नव्हते, तोच भावनांच्या व्याकरणाचा आदर्श नमुना ठरला.

हास्याविषयीचा द्युशेन यांचा सिद्धान्त थोडक्यात असा : गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा झायगोमॅटिक मेजर हा स्नायू इच्छेच्या आज्ञेत असतो, परंतु डोळ्यांभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूचा खालचा भाग केवळ अंतःकरणातील सुखद भावानेच हलतो. म्हणून ओठ हसले आणि डोळे हसले नाहीत, तर ते हसू खोटे. या सिद्धान्तामागे एक श्रद्धाही होती. स्रष्ट्याने मानवी चेहऱ्याला एक सार्वत्रिक, अपरिवर्तनीय भाषा बहाल केली आहे, असे द्युशेन मानीत. आणि आपल्या कार्याला ते मुद्रांचे शुद्धलेखन शिकविण्याची उपमा देत. चेहरा ही संहिता, स्नायू ही तिची अक्षरे, आणि चूक-बरोबर ठरविणारा प्रयोगकर्ता हा तिचा शुद्धलेखनतज्ज्ञ, अशी ही कल्पना आहे.

या ग्रंथाचा दुसरा विभाग ‘सौंदर्यशास्त्रीय’ म्हणून योजलेला आहे, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. त्यात दृष्टी जवळजवळ गमावलेल्या एका तरुण स्त्रीला नाट्यमय प्रसंगांत उभे केलेले आहे. शेक्सपिअरची लेडी मॅकबेथही त्यांत आहे. काही छायाचित्रांत चेहऱ्याच्या दोन अर्ध्या भागांवर दोन निरनिराळे भाव विजेने उमटविलेले असून, वाचकाने एक बाजू झाकून दुसरी पाहावी अशी सूचना आहे. ज्या ग्रंथाने अंतःकरणाशिवाय खरे हसू शक्य नाही असे सांगितले, त्याच ग्रंथाने अंतःकरणाला वगळून शोकांतिकेची नायिका उभी केली. ही विसंगती द्युशेन यांच्या व्यक्तिगत गोंधळाची निदर्शक नव्हे. छायाचित्र हे माध्यमच अशा वेळी कोणाची बाजू घेते, हे तीतून दिसते. वेट कोलोडियन पद्धतीत काच तयार करून प्रकाशित करताना चेहरा काही सेकंद स्थिर राहणे आवश्यक असे. क्षणार्धात सरणारी मुद्रा तेव्हा टिपता येत नव्हती; विजेमुळे स्नायू हवा तितका वेळ ताणून धरता येई. ‘खऱ्या’ भावाचा पुरावा गोळा करण्यासाठी तो भाव थांबवून धरणे, म्हणजेच त्याची पोझ घेणे, तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य होते.

३. डार्विनचे चोवीस वाचक

चार्ल्स डार्विन यांनी ‘द एक्स्प्रेशन ऑफ द इमोशन्स इन मॅन अँड अ‍ॅनिमल्स’ (१८७२) या ग्रंथात द्युशेन यांची काही छायाचित्रे घेतली. स्रष्ट्याने दिलेल्या भाषेची कल्पना त्यांनी नाकारली. स्नायूंविषयीचे निरीक्षण मात्र स्वीकारले. वृद्धाची तीन छायाचित्रे त्यांनी एकत्र मांडली : एकात चेहरा स्वस्थ, दुसऱ्यात स्वाभाविक हसू, तिसऱ्यात विजेने ओठांचे कोपरे ओढलेले. दुसरे चित्र पाहताच सर्वांनी ते स्वाभाविक म्हणून ओळखले, असे डार्विन नमूद करतात. तिसरे चित्र त्यांनी २४ व्यक्तींना दाखविले. त्यांपैकी तिघांना त्याचा काहीच अर्थ लागला नाही. उरलेल्यांना ते हसण्याच्या जातीचे वाटले, परंतु कोणाला त्यात दुष्ट थट्टा दिसली, कोणाला हसण्याचा प्रयत्न, कोणाला दात विचकणे, कोणाला अर्धवट आश्चर्य.

डार्विन यांच्या लेखी या उत्तरांतील विस्कळीतपणा हा हसू अस्वाभाविक असल्याचा पुरावा होता. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. २१ वाचकांनी चित्राचे वर्णन केले नाही, त्याला प्रसंग पुरविला. थट्टा म्हटली की ज्याची थट्टा होते तो आला. प्रयत्न म्हटला की हसण्यासाठी भाग पाडणारी परिस्थिती आली. चित्रात जे नव्हते ते वाचकांनी बाहेरून आणले. स्वाभाविक म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्राबाबत असा प्रसंग शोधावा लागला नाही, कारण तिथे वाचकांचा परिचित संकेत पुरेसा होता.

लेबलांकडे पाहिले तर अडचण अधिकच वाढते. ‘खोटे’ म्हणून दाखविलेले हसू त्या वृद्धाने आणलेले नव्हते. तो कोणाला फसवीत नव्हता, हसण्याचे सोंग करीत नव्हता. त्याच्या गालावर विद्युतप्रवाह सोडलेला होता. म्हणजे खोटेपणाचा हा नमुना खोटे बोलणाऱ्यावाचूनचा आहे. ‘स्वाभाविक’ हसू मात्र कॅमेऱ्यासमोर बसलेल्या, हसणे अपेक्षित आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचे आहे. ऐच्छिकतेच्या निकषावर कसोशीने तपासल्यास दोन्ही लेबले डळमळतात. डार्विन यांच्याच ग्रंथात ऑस्कर रेलांडर यांची छायाचित्रे आहेत, आणि त्यांपैकी काहींत रेलांडर स्वतःच भाव करून उभे आहेत. द्युशेन यांच्या काही छायाचित्रांवरून केलेल्या कोरीव चित्रांतून विद्युतशलाका आणि त्या धरणारे हात वगळलेले आहेत. नैसर्गिक भावाचा ग्रंथ असा अभिनय आणि संपादन यांच्या आधाराने उभा राहिला. त्यामुळे त्याचे शास्त्रीय मोल नाहीसे होत नाही; ‘पोझ’ आणि ‘खरे’ ही मूळची विरुद्ध टोके आहेत, हा समज मात्र टिकत नाही.

४. भरताचा निकष

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा भेद सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांसाठी, मधले दोन मध्यम, शेवटचे दोन अधम. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत; हसितात मुख आणि नेत्र विकसित होतात, दात थोडे दिसतात; अतिहसितात डोळ्यांत पाणी येते आणि माणूस कुशी धरून हसतो. द्युशेन यांनी ज्या गोष्टी शोधल्या, गाल आणि डोळे, त्या इथेही आहेत. फरक असा की पॅरिसच्या ग्रंथात डोळ्यांचे फुलणे हे इच्छेच्या पलीकडचे लक्षण आहे, तर इथे ते नटाला दिलेले मार्गदर्शन आहे.

नटाला जे शिकविता येते ते खोटे, असे भरताला म्हणावयाचे नाही. सात्त्विक भावांच्या विवेचनात हे स्पष्ट होते. स्तंभ, स्वेद, रोमांच, अश्रू इत्यादी आठ भाव हे आज शरीरशास्त्र ज्यांना अनैच्छिक म्हणेल अशा क्रियांपैकीच आहेत. भरत मात्र त्यांचा उगम मनाच्या एकाग्रतेत मानतो. मन समाहित झाल्याशिवाय अश्रू येत नाहीत, आणि नटाने ते आणले पाहिजेत. इथे इच्छा आणि भाव एकमेकांचे शत्रू नाहीत. इच्छा मनाला एका ठिकाणी आणते, तिथे भाव उमटतो. अठराव्या शतकात दिदरोने नटाविषयीच्या आपल्या प्रसिद्ध संवादात याच्या विरुद्ध बाजू मांडली : थोर नट स्वतः भावमग्न नसतो, म्हणूनच तो प्रेक्षकाला भावमग्न करू शकतो. दोघांची उत्तरे भिन्न आहेत, परंतु केलेला भाव म्हणजे फसवणूक, हे गृहीत दोघांपैकी कोणीच धरत नाही.

रसविचाराचे याहून महत्त्वाचे साहाय्य दुसऱ्या ठिकाणी होते. रसनिष्पत्तीसाठी विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांचा संयोग आवश्यक मानलेला आहे. विभाव म्हणजे भावाचे कारण, प्रसंग आणि परिस्थिती. अनुभाव म्हणजे त्याचे बाह्य प्रकटन. व्यभिचारी भाव म्हणजे काळाच्या ओघात येणारे-जाणारे भाव. या परिभाषेत छायाचित्राचे स्वरूप नेमके सांगता येते. चौकट विभावाला कापते, क्षण व्यभिचारी भावांना कापतो, आणि हाती उरतो तो एकटा अनुभाव. खरे-खोटे ठरविण्यासाठी आवश्यक ते सारे दूर सारून उरलेल्या अनुभावालाच साक्षीला उभे केले, की साक्ष स्नायूत शोधण्यावाचून गत्यंतर उरत नाही. डार्विन यांच्या २१ वाचकांनी जे केले, ते हरवलेला विभाव परत मिळविण्याचे काम होते.

मात्र भरताचा हास्यविचार हा पाश्चात्त्य विचारावरचा निर्दोष उतारा आहे, असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्याचा निकष सत्याचा नसून औचित्याचा आहे, आणि हे औचित्य प्रकृतिभेदाच्या उतरंडीवर आधारलेले आहे. हास्य हा रस प्रामुख्याने स्त्रियांत आणि नीच प्रकृतीच्या पात्रांत दिसतो, असे ग्रंथ सांगतो. मोकळेपणाने हसणाऱ्याला तिथे अधमत्व येते. युरोपलाही हा निकष अपरिचित नव्हता. एलिझाबेथ विजे ल ब्रँ या चित्रकर्तीने १७८७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ठेवलेल्या स्वतःच्या चित्रात ओठ विलग होऊन दात दिसत होते, म्हणून टीका झाली. कॉलिन जोन्स यांनी ‘द स्माइल रेव्होल्यूशन’ (२०१४) या ग्रंथात या प्रसंगाचे सामाजिक संदर्भ उलगडले आहेत. तेव्हा तुलना पूर्व आणि पश्चिम यांची नसून दोन निकषांची आहे : कोणी कसे हसावे हे सांगणारा औचित्याचा निकष, आणि कोणाचे हसणे मानावे हे सांगणारा अस्सलपणाचा निकष. दोहोंत निवाडा करणारा एक असतो आणि ज्याचा निवाडा होतो तो दुसरा असतो.

५. फोटोला बसणे

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. द्युशेन यांचे प्रयोग त्याच दशकातले. परंतु वसाहतकालीन भारतात कॅमेऱ्याने चेहऱ्याकडे निराळ्या हेतूने पाहिले. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या प्रकल्पात चेहरा जातीचा वा जमातीचा नमुना म्हणून आला, आणि त्याच्या स्वभावाचे विधान सोबतच्या मजकुराने केले. तिथे हसू आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. अंतरंगाचा मजकूर आधीच लिहिला गेलेला होता.

स्टुडिओत स्वतःहून जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मराठीत माणूस ‘फोटोला बसतो’ किंवा ‘फोटो काढून घेतो’. पहिल्या प्रयोगात बैठकीचा विधी आहे, दुसऱ्यात कर्तृत्व बसणाऱ्याकडे आहे. ख्रिस्तोफर पिनी यांनी ‘कॅमेरा इंडिका’ (१९९७) मध्ये मध्य प्रदेशातील नागदा येथील छायाचित्रव्यवहाराचा अभ्यास करून असे दाखविले, की तेथील ग्राहक छायाचित्राकडून लपलेल्या अंतरंगाचा उलगडा मागत नाहीत. वेश, पार्श्वभूमी आणि ढब यांतून स्वतःची शक्य रूपे साकारतात. अशा व्यवहारात पोझ हा सत्यावरचा पडदा नसून छायाचित्राचा उघड आशय असतो.

हसू ही छायाचित्राची अपेक्षा झाली ती नंतर. कोडॅकचा कॅमेरा १८८८ मध्ये आणि एका डॉलरचा ब्राउनी १९०० मध्ये बाजारात आला. क्रिस्तिना कोचेमिदोवा यांनी २००५ मधील निबंधात दाखविल्याप्रमाणे, अमेरिकेत छायाचित्रासाठी हसण्याचा रिवाज घडविण्यात कोडॅकच्या जाहिरातींचा आणि मार्गदर्शनपर मजकुराचा मोठा वाटा होता. हा क्रम लक्षणीय आहे. आधी हसणे शिकविले गेले, ते सर्वत्र झाले, आणि सर्वत्र झाल्यामुळेच त्यातले अस्सल कोणते याची गरज भासू लागली. बाजाराने हसू स्वस्त केले तेव्हा खऱ्या हसण्याचे मोल वाढले.

६. येणारे, आणलेले, उसने

मराठी भाषा इच्छेचा भेद व्याकरणातच करते. ‘तिला हसू आले’ या वाक्यात हसू हा कर्ता आहे आणि ती त्याचे आगमन अनुभवणारी आहे. ‘ती हसली’ या वाक्यात कर्तृत्व तिचे. ‘तिने चेहऱ्यावर हसू आणले’ या वाक्यात प्रयत्न उघड सांगितलेला आहे. येणे आणि आणणे या दोन क्रियापदांतच द्युशेन यांचे दोन स्नायू सामावलेले आहेत, असे म्हणता येईल. परंतु आणलेल्या हसण्याला भाषा लगेच खोटे म्हणत नाही. आजारी माणसाने भेटायला आलेल्यासाठी आणलेले हसू हे त्या माणसाच्या धैर्याचे वर्णन असू शकते.

खोटेपणाच्या जवळ जाणारे शब्दही एकजात नाहीत. ‘कसनुसे हसणे’ यात ओशाळलेपण आहे, फसवणूक नाही. ‘दात काढणे’ यात औचित्यभंगाचा राग आहे. ‘गालातल्या गालात हसणे’ यात लपविणे आहे, परंतु लपविले जाते ते खरे हसू. आणि ‘उसने हसू’ हा शब्दप्रयोग तर सारा वादच दुसऱ्या पातळीवर नेतो. उसने म्हणजे शेजाऱ्याकडून आणलेले, परत करावयाचे. ते आपले नाही, पण बनावटही नाही. कोणत्या तरी गरजेसाठी, कोणाच्या तरी समोर, वेळ निभावून नेण्यासाठी ते घेतलेले आहे. या एका विशेषणात प्रसंग, समोरची व्यक्ती आणि ऋण या तिन्ही गोष्टी येतात. म्हणजेच विभाव परत येतो. खरे आणि खोटे या द्वंद्वात या हसण्याला जागा नाही, आणि जगातील छायाचित्रांत बहुधा याच हसण्याची संख्या मोठी असावी.

७. निकषाचे आजचे परिणाम

विसाव्या शतकाच्या अखेरीस द्युशेन यांचा निकष नव्या बळाने परत आला. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचाली मोजण्याची सांकेतिक पद्धती प्रसिद्ध केली. १९९० मधील निबंधात एकमन व सहकाऱ्यांनी डोळ्यांसह उमटणाऱ्या हसण्याला ‘द्युशेन स्माइल’ म्हटले आणि ते नाव रूढ झाले. २००१ मध्ये हार्कर आणि केल्टनर यांनी अमेरिकेतील मिल्स कॉलेजच्या वार्षिकांकांतील तरुणींच्या छायाचित्रांतील हसण्याचा त्यांच्या पुढील आयुष्यातील समाधानाशी संबंध जोडला. एका क्षणाच्या, छायाचित्रकाराच्या सूचनेवर दिलेल्या मुद्रेकडून पुढील काही दशकांची साक्ष घेण्याचा हा प्रयत्न होता.

त्याच सुमारास उलट दिशेचे पुरावेही जमत होते. फर्नांदेझ-दोल्स आणि रुइझ-बेल्दा यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधील सुवर्णपदक विजेत्यांकडे पाहिले. पदक समारंभातील आनंद सलग असूनही त्यांचे हसू प्रामुख्याने लोकांशी संपर्क येई तेव्हा उमटले. क्रूमहूबर आणि मॅनस्टेड यांनी २००९ मध्ये दाखविले की डोळ्यांसह येणारे हसूही अनेकांना हेतुपूर्वक आणता येते. तिबो आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मधील संशोधनाचा निष्कर्ष असा, की डोळ्यांची खूण ही अस्सलपणाची सार्वत्रिक खूण नाही, आणि ती तशी वाचणे शिकता येते. लिझा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये घेतलेल्या विस्तृत आढाव्यात चेहऱ्याच्या हालचालींवरून भावनेचा निश्चित निष्कर्ष काढण्याच्या रीतीवरच प्रश्नचिन्ह लावले. हसू समोरच्यासाठी असते आणि त्याचे वाचन शिकलेले असते, हे आता प्रयोगशाळेच्या भाषेतही सांगितले जाते.

तरीही यंत्रांनी उचलला तो जुनाच निकष. सोनी कंपनीने २००७ मध्ये हसू ओळखून आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा आणला, तेव्हा ती गंमत होती. पुढे मुलाखतीतील उमेदवार, वर्गातील विद्यार्थी आणि कामावरील नोकर यांच्या भावना चेहऱ्यावरून ताडण्याचा दावा करणाऱ्या प्रणाली आल्या, तेव्हा ती गंमत उरली नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्याने कामाच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी अशा प्रणालींच्या वापराला, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, मनाई केली. ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. या मनाईमागचे तत्त्व साहित्याच्या अभ्यासकाला परके वाटू नये. संदर्भ काढून घेतलेल्या एका खुणेवरून माणसाच्या अंतरंगाचा निवाडा करू नये, एवढेच ते तत्त्व आहे. दुकानातील नोकर, परिचारिका, विमानातील सेविका यांचे हसू नोकरीचा भाग म्हणून मागितले जाते. तेच हसू पुन्हा अस्सल आहे काय म्हणून तपासले गेले, तर त्यांच्याकडून एकाच श्रमाची दुहेरी वसुली होते.

छायाचित्रातील हसण्याच्या समीक्षेने म्हणून प्रश्नाचा रोख बदलावयास हवा. हे हसू खरे की खोटे, याऐवजी ते कोणासमोर, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या रिवाजात घडले, आणि चित्राखालचा मजकूर त्याचे काय करतो, हे विचारले पाहिजे. पत्राच्या, आत्मचरित्राच्या किंवा भावकवितेच्या संहितेला हे प्रश्न साहित्याभ्यास नेहमीच विचारत आला आहे. द्युशेन यांच्या वृद्धाच्या तिसऱ्या छायाचित्राला ते विचारले, तर उत्तर सरळ आहे : त्या चौकटीत एक माणूस, एक विद्युतशलाका आणि एक प्रयोग आहे, हसू त्यांपैकी कोणाचेच नाही. दुसऱ्या छायाचित्राला विचारले, तर एक वृद्ध कॅमेऱ्यामागच्या कोणाकडे तरी पाहून हसला, एवढे म्हणता येते. ते हसू आपोआप आले की त्याने आणले, याचा निर्णय ते छायाचित्र देत नाही, आणि तो दिल्यावाचूनही त्याचे वाचन पूर्ण होऊ शकते.